टाकीच्या भिंतीतून गेलेली तार : अपोलो १३च्या स्फोटामागची आठ वर्षे

१/ अपोलो १३ची कथा आपल्यापैकी बहुतेकांना स्फोटापासून पुढे ठाऊक असते. जिम लॉवेल, जॅक स्विगर्ट आणि फ्रेड हेझ हे तीन अंतराळवीर, निकामी झालेले यान, चंद्राला वळसा घालून केलेला परतीचा प्रवास आणि १७ एप्रिल १९७० रोजी प्रशांत महासागरात सुखरूप अवतरण. या धाग्यात आपण स्फोटापासून मागे जाणार आहोत. ज्या तारेवर ठिणगी पडली, ती एका बंद टाकीच्या भिंतीतून आत नेलेली होती. तिची कथा १९६२मध्ये एका कागदावर सुरू होते.

२/ मित्रहो, आधी मूळ अडचण समजून घेऊ. द्रवाने भरलेल्या बंद टाकीत वीज न्यायची तर भिंतीला भोक पाडावे लागते. त्यातून तार आत जावी, पण द्रव बाहेर येऊ नये, आणि तारेतील वीज धातूच्या भिंतीला लागू नये. गावाकडे ज्याला सर्रास डीपी म्हणतात, ते रोहित्र आठवा. तेलाने भरलेल्या लोखंडी टाकीवर तपकिरी चिनीमातीचे खाचाखाचांचे खांब उभे असतात. ११,००० व्होल्टची वीज त्यांच्या पोटातून टाकीत उतरते. चिनीमाती वीज अडवते आणि बुडाशी दाबून बसवलेले गॅस्केट तेल अडवते.

३/ रोहित्र बिघडले तर ते उघडून आत पाहता येते. अपोलोच्या ऑक्सिजन टाकीला ही सोय नव्हती. इन्कोनेल या निकेलच्या मिश्रधातूची दोन गोल कवचे, एकात एक बसवलेली, आणि मधली जागा निर्वात. आत सुमारे १४५ किलो ऑक्सिजन. भरताना तो उणे १८३ अंश सेल्सिअसच्या आसपासचा द्रव असे. पुढे बंद टाकीत त्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ६० पट वाढवला जाई आणि तो ना धड द्रव, ना धड वायू अशा दाट अवस्थेत राही. टाकी एकदा जोडून बंद केली की आतील तारा पुन्हा डोळ्यांनी पाहणे अशक्य होते.

४/ मग अशा टाकीत वीज न्यायचीच कशाला? ऑक्सिजन वापरला जाऊ लागला की दाब उतरतो. तो टिकवण्यासाठी आत हीटर हवा. वजनरहित अवस्थेत उष्ण आणि थंड थर आपोआप मिसळत नाहीत, म्हणून ढवळण्यासाठी दोन छोटे पंखे हवेत. साठा किती उरला हे सांगणारा मापक आणि तापमान सांगणारा संवेदकही हवा. हाच ऑक्सिजन इंधन-घटांत हायड्रोजनशी संयोग पावून यानाला वीज आणि पाणी देत असे. म्हणजे यानाची वीज या टाकीवर अवलंबून होती आणि टाकी त्याच विजेवर.

५/ या सर्व उपकरणांच्या तारा टाकीच्या माथ्याशी एकत्र येत आणि एका अरुंद धातूच्या नळीतून भिंतीपार जात. जोडणी करणाऱ्या कामगाराला टाकीच्या लहानशा तोंडातून पंखे, हीटरची नळी आणि तारांचा जुडगा आत उतरवावा लागे. बरेचसे काम हाताच्या अंदाजाने चाले. तारा धातूच्या कडांजवळून जात. एखादी घासली, दुमडली किंवा तिचे आवरण खरवडले गेले, तरी बाहेरून ते कळण्याचा मार्ग नव्हता. चौकशी मंडळाने पुढे या रचनेवर नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले.

६/ तारांचे आवरण टेफ्लॉनचे होते. आपल्या स्वयंपाकघरातील तव्याला असतो तोच पदार्थ. साध्या हवेत टेफ्लॉन सहजासहजी पेटत नाही, म्हणून तो सुरक्षित वाटतो. पण ६० पट दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये पुरेशी मोठी ठिणगी पडली तर तो जळतो, आणि आग तारेच्या कडेने पुढे सरकते. म्हणजे टाकीत जळणारा पदार्थ होता आणि ऑक्सिजनही. उणीव होती ती फक्त ठिणगीची, आणि ठिणगी पडू नये म्हणूनच तारेवर आवरण होते.

७/ हीटर अति तापू नये म्हणून त्याच्या मार्गात थर्मोस्टॅटचे स्विच बसवले होते. टाकी थंड असताना स्विच मिटलेला राही आणि वीज वाहत असे. तापमान साधारण २७ अंश सेल्सिअसपर्यंत चढले की स्विच उघडून प्रवाह तोडणार. आपल्या घरातील इस्त्री किंवा गीझर याच तत्त्वावर आपोआप बंद होतो. पण अशा स्विचची एक मर्यादा असते. मिटलेल्या स्थितीत तो जितका व्होल्टेज सहज सोसतो, तितक्याच व्होल्टेजला उघडताना तो टिकेलच असे नाही. उघडण्याच्या क्षणी संपर्कबिंदूंमध्ये विजेची कमान पेटते, आणि ती जोरकस असेल तर दोन्ही बिंदू वितळून एकमेकांना जखडतात.

८/ आता कागदांकडे वळू. अपोलो यानाचे मुख्य कंत्राट नॉर्थ अमेरिकन या कंपनीकडे होते. ऑक्सिजनच्या टाक्या तिने बीच एअरक्राफ्ट या उपकंत्राटदाराकडून करून घेतल्या. बीचचा हा कारखाना कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे होता. १९६२मध्ये नॉर्थ अमेरिकनने बीचला जे निकषपत्र दिले, त्यात हीटरची व्यवस्था २८ व्होल्टसाठी होती. यानातील वीज २८ व्होल्टची असल्याने हे सरळच होते.

९/ १९६५मध्ये निकषपत्र सुधारले गेले. उड्डाणापूर्वी फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्रात टाकीचा दाब वाढवावा लागे. २८ व्होल्टवर त्याला फार वेळ लागत असे, म्हणून जमिनीवरील यंत्रणेतून ६५ व्होल्ट देण्याचे ठरले. सुधारित निकषपत्र बीचकडे पोहोचले आणि हीटर त्यानुसार झाले. थर्मोस्टॅटचे स्विच मात्र जुन्याच निकषाने मागवले गेले. इथून पुढे टाकीच्या भिंतीबाहेर ६५ व्होल्ट होते आणि भिंतीच्या आत २८ व्होल्टचा स्विच.

१०/ ही विसंगती बीच, नॉर्थ अमेरिकन आणि नासा या तिघांच्याही कागदपत्र-तपासणीत निसटली. चाचण्या तर अनेक होत होत्या, मग त्यांत ती का उघड झाली नाही? कारण कोणत्याच चाचणीत प्रवाह वाहत असताना स्विच उघडून पाहण्याची अट नव्हती. हीटर चालतो का, हे तपासले गेले. टाकी गळते का, हेही तपासले गेले. जो भाग केवळ संकटकाळी काम करणार, तो संकटकाळी खरोखर काम करतो का, एवढे पाहायचे राहिले.

११/ त्यात यशाने भर घातली. याच घडणीच्या टाक्या आधीच्या मोहिमांत व्यवस्थित चालल्या. अपोलो ११ आणि १२चे वीर चंद्रावर उतरून परतले. पण त्या टाक्यांमध्ये नेहमी थंडगार ऑक्सिजन असे, त्यामुळे तापमान २७ अंशांच्या जवळ जाण्याचा प्रसंगच आला नाही. स्विच मिटलेले राहिले आणि मिटलेल्या स्थितीत ६५ व्होल्ट त्यांना झेपत होते. प्रत्येक यशस्वी उड्डाणागणिक टाकीवरचा विश्वास वाढत गेला. तिच्या कच्च्या दुव्याची परीक्षा मात्र एकदाही झाली नव्हती.

१२/ दुसरा धागा १९६८चा. अपोलो १३मध्ये गेलेली दुसऱ्या क्रमांकाची टाकी आधी अपोलो १०च्या यानात बसवलेली होती. काही बदलांसाठी २१ ऑक्टोबर १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील डाउनी येथे टाक्यांची संपूर्ण फळी बाहेर काढण्यात येत होती. फळी धरून ठेवणारा एक बोल्ट काढायचा राहून गेला. उचलण्याचे साधन मोडले आणि फळी सुमारे ५ सेंटिमीटर खाली आदळली. बाहेरून तपासणी झाली, दोष आढळला नाही. पुढे ही फळी अपोलो १३च्या यानात बसवली गेली. टाकीत द्रव भरण्या-उपसण्याची एक सैल बसणारी नळी होती. ती या धक्क्याने सरकली असावी, असे मंडळाने पुढे म्हटले.

१३/ मार्च १९७०मध्ये उड्डाणाची रंगीत तालीम झाली. तालमीनंतर टाक्या उपसायच्या होत्या. रीत अशी की एका वाटेने वायुरूप ऑक्सिजन आत ढकलायचा आणि त्याच्या दाबाने द्रव ऑक्सिजन दुसऱ्या वाटेने बाहेर पडायचा. पहिली टाकी ठरल्याप्रमाणे निम्म्यावर आली. दुसरी ९२ टक्क्यांच्या खाली उतरेना. नळी सरकलेली असल्यास आत ढकललेला वायू द्रवाला न ढकलताच परत बाहेर पडणार. तंत्रज्ञांनी तेव्हा हीटर चालवून ऑक्सिजन उकळून बाहेर काढण्याचा उपाय योजला.

१४/ हीटरला जमिनीवरून ६५ व्होल्ट दिले गेले आणि तो सुमारे आठ तास चालला. तापमान मर्यादेबाहेर गेले तर थर्मोस्टॅट प्रवाह तोडेल, या भरवशावर हे चालले होते. टाकी रिकामी होत गेली, तापमान चढले, स्विच उघडू लागला, आणि १९६५पासून दबा धरून बसलेली चूक त्या क्षणी जागी झाली. २८ व्होल्टसाठी घडवलेले संपर्कबिंदू ६५ व्होल्टच्या कमानीत वितळून जखडले गेले. आता हीटर थांबवणारे टाकीत काहीही उरले नव्हते.

१५/ बाहेरच्या लोकांना हे कळले का नाही? तापमापकाची पट्टी २७ अंशांच्या आसपासच संपत होती, कारण त्यापुढे पारा जाईल असे कोणाच्या मनातही नव्हते. काटा पट्टीच्या शेवटाला टेकला आणि तिथेच राहिला. हीटरच्या विजेची नोंद मात्र होत होती. ती बारकाईने पाहिली असती, तर हीटर एकदाही बंद झालेला नाही हे उमगले असते. मंडळाने नंतर केलेल्या चाचण्यांतून दिसले की अशा स्थितीत हीटरच्या नळीचे काही भाग सुमारे ५४० अंशांपर्यंत तापू शकतात. जवळच्या तारांवरील टेफ्लॉन त्या उष्णतेने भाजून तडकले.

१६/ उड्डाण तोंडावर होते. फळी बदलायची तर किमान ४५ तास लागणार, त्यात इतर भागांना इजा होण्याची भीती, आणि उशीर झाला तर प्रक्षेपणाची संधी महिनाभर पुढे जाणार. टाकी उपसताना अडते, पण उड्डाणात तर ती कधी उपसायची नसतेच, असा विचार झाला. तो तर्कशुद्ध होता; फक्त हीटरच्या त्या आठ तासांत टाकीच्या आत काय घडले, हे विचार करणाऱ्यांपैकी कोणालाही माहीत नव्हते. टाकी तशीच ठेवण्यात आली. या निर्णयाला आपणही संमती दिली होती, असे लॉवेल यांनी पुढे प्रांजळपणे लिहिले.

१७/ ११ एप्रिलला यान झेपावले. उड्डाणानंतर साधारण ५६ तासांनी, यान पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरांहून दूर असताना, नियंत्रण कक्षाने टाक्या ढवळण्यास सांगितले. साठा दाखवणारा मापक काही तास आधीच बिघडला होता, त्यामुळे अधिक वेळा ढवळणे गरजेचे झाले होते. स्विगर्ट यांनी पंख्यांची कळ दाबली. दोनच सेकंदांत शॉर्टसर्किटच्या खुणा नोंदींमध्ये उमटल्या. सुमारे दीड मिनिटाने स्फोट झाला. अमेरिकेत १३ एप्रिलची रात्र होती. आपल्याकडे १४ एप्रिलची सकाळ, आठ वाजून अडतीस मिनिटे.

१८/ त्या दीड मिनिटात काय झाले असावे? उघड्या पडलेल्या तारेवर ठिणगी पडून टेफ्लॉन पेटले. आग तारांच्या कडेने सरकत टाकीच्या माथ्याकडे गेली, जिथे सर्व तारा एकत्र येऊन नळीत शिरतात. मंडळाच्या मते बहुधा तिथेच, त्या वाटेपाशीच, टाकीने दम तोडला. सुटलेल्या ऑक्सिजनने यानाचे एक बाजूचे आवरण उडवले. शेजारच्या टाकीलाही गळती लागली आणि दोन-तीन तासांत मुख्य यानाची वीज संपली. तिघेही चंद्रावर उतरण्याच्या ‘अ‍ॅक्वेरियस’ यानात आश्रयाला गेले. चार दिवसांची ती कहाणी आपण जाणताच.

१९/ मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक शिकवावा लागत नाही. १९९५चा चित्रपट ही या मोहिमेची बखर म्हणता येईल. ती रंजक आणि बरीचशी खरी आहे, पण वीरांभोवती फिरणारी. अस्सल कागद म्हणजे एडगर कॉर्टराइट यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाचा जून १९७०चा अहवाल. नील आर्मस्ट्राँग या मंडळाचे सदस्य होते. स्फोट झालेला भाग कधीच पृथ्वीवर परतला नाही. वातावरणात शिरण्यापूर्वी तो सोडून द्यावा लागला. म्हणजे मुख्य पुरावाच हाती नव्हता. मंडळाने यानाकडून आलेले आकडे, कारखान्यांतील नोंदी आणि प्रयोग यांवरून आठ वर्षांची साखळी जुळवली.

२०/ मंडळाचा निष्कर्ष असा की हा दैवयोगाने ओढवलेला बिघाड नव्हता. अनेक चुकांचा विलक्षण संयोग झाला आणि टाकीची घडण अशी होती की तिने एकही चूक पोटात घातली नाही. १३ या अंकाच्या अपशकुनाची चर्चा तेव्हाही रंगली. ह्यूस्टनच्या घड्याळाप्रमाणे यान सुटलेही १३ वाजून १३ मिनिटांनी होते. अंकांनाच दोष द्यायचा असेल, तर २८ आणि ६५ या दोन अंकांकडे पाहायला हवे.

२१/ पुढील यानांसाठी टाकी नव्याने आखली गेली. पंखे काढून टाकले. थर्मोस्टॅटचे स्विचही गेले. आतील तारा पोलादी आवरणात बंद केल्या, जेणेकरून ऑक्सिजन आणि जळणारा पदार्थ समोरासमोर येऊ नयेत. यानात तिसरी ऑक्सिजन टाकी बसवली गेली आणि अडीअडचणीसाठी जादा बॅटरीही. ३१ जानेवारी १९७१ला अपोलो १४ निघाले ते ही नवी व्यवस्था घेऊन. पंखे नसतानाही काम भागले. त्यामुळे एक प्रश्न उरतोच : भिंतीपार नेलेल्या प्रत्येक तारेची खरोखर गरज होती का?

२२/ हा प्रश्न अवकाशापुरता राहिला नाही. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसकडे निघालेले टीडब्ल्यूए ८०० हे बोइंग ७४७ विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच फुटून समुद्रात कोसळले. आतील सर्व २३० माणसे मरण पावली. पंखांच्या मध्यावर असलेल्या इंधन-टाकीतील वाफांचा स्फोट झाला होता. त्या टाकीत जाणाऱ्या तारा होत्या फक्त इंधन मोजणाऱ्या यंत्रणेच्या. त्यांतून इतकी क्षीण वीज वाहते की तिने ठिणगी पडूच नये, अशी ती रचना.

२३/ चार वर्षांच्या तपासानंतर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने सांगितले की ठिणगीचा उगम निश्चित करता आलेला नाही. सर्वांत संभाव्य कारण मात्र असे : टाकीच्या बाहेर कुठेतरी शॉर्टसर्किट होऊन जास्त व्होल्टेज मापकाच्या तारांवर चढला आणि त्यांच्याच वाटेने आत शिरला. विमान २५ वर्षे जुने होते आणि बाहेर त्या तारा जास्त व्होल्टेजच्या तारांसोबत एकाच जुडग्यातून जात होत्या. टाकीतली तार निरुपद्रवी होती, पण तिचे दुसरे टोक निरुपद्रवी जगात नव्हते.

२४/ दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट दिसते. भिंतीतून तार नेताना अभियंता त्या भोकाची काळजी घेतो : गळती नको, आवरण नीट हवे. पण तार आत नेली की तिच्याबरोबर बाहेरची सगळी परिस्थिती आत जाते. जमिनीवरचा नवा वीजपुरवठा, शेजारून जाणारी दुसरी तार, कालौघात झालेली झीज, सगळेच. १९६५मध्ये ६५ व्होल्ट टाकीत पोहोचले. त्यांची वार्ता स्विचपर्यंत पोहोचली नाही. भिंतीच्या आत एकाचे काम, बाहेर दुसऱ्याचे, आणि तार मात्र दोघांची.

२५/ इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात आपल्या अभ्यासाचीच एक शिस्त दिसते. मोठ्या घटनेचे कारण शोधताना आपण स्फोटाच्या क्षणाकडे पाहतो : कोणी कळ दाबली, कोणी आज्ञा दिली. स्विगर्ट यांनी कळ दाबली हे खरे. पण त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तरी त्यानेही तीच दाबली असती. निर्णायक गोष्ट घडली होती पाच वर्षे आधी, एका सुधारित कागदावर, जिथे एक आकडा बदलला आणि त्याच्या शेजारचा बदलायचा राहिला. अशा कागदांवर कोणी चित्रपट काढत नाही. ते वाचणे हे आपले काम.

२६/ पुढच्या वेळी रस्त्याकडेचे रोहित्र दिसले, तर त्याच्या माथ्यावरच्या त्या चिनीमातीच्या खांबांकडे क्षणभर पाहा. बाहेरची वीज आत नेणारी आणि आतले तेल आतच ठेवणारी ती वाट गेली शंभराहून अधिक वर्षे आपण सुधारत आलो आहोत. एखाद्या मोठ्या दुर्घटनेमागे बदललेला किंवा बदलायचा राहिलेला असाच एखादा आकडा तुमच्या वाचनात आला असेल, तर खाली जरूर लिहा. पुढचा धागा त्यावर करता येईल.

#इतिहास #मराठी_धागा